साठा आणि उत्पादन : आपले ज्ञान तपासून पाहू या

'व्यवस्थापन' हा शब्द कानांवर पडला की कारखाना, टेबल, संगणक आणि गळ्यात टाय असलेला अधिकारी डोळ्यांसमोर येतो. हा विषय आपल्या घरापासून फार दूरचा आहे, अशी एक समजूत त्यातून रूढ झाली आहे. वस्तुतः ज्या घरात ज्वारीची कणगी होती, ज्या गावात धान्याचे पेव होते आणि ज्या वसतिगृहात कोठीघर आहे, तेथे साठ्याचे व्यवस्थापन पूर्वीपासून चालत आलेले आहे. ज्या घरात शिवणयंत्र चालते किंवा मसाला कांडला जातो, तेथे उत्पादनाचे व्यवस्थापनही आहे. ते नीट चालते की कसेबसे चालते, एवढाच काय तो प्रश्न.

स्मरणिकेच्या पानांवर असा पाठ देण्यामागे एक हेतू आहे. पेठेतील व्यापारी घराण्यांत वहीखात्याचे आणि मालाचे ज्ञान मुलाला दुकानाच्या गादीवर बसूनच मिळत असे. कोणता माल किती भरावा, कधी भरावा, कोणता माल पडून राहिला तर घाट्याचा, हे त्याला कोणी वेगळे शिकवावे लागत नसे. ज्यांच्या वाट्याला ती गादी कधी आलीच नाही, त्यांच्या मुलांना हे ज्ञान पुस्तकातूनच मिळवावे लागते. आज आपले अनेक माजी विद्यार्थी नोकरीबरोबरच किराणा दुकान, औषधालय, गणवेश शिवण्याचा उद्योग, सुट्या भागांचे वर्कशॉप अशा व्यवसायांत उतरत आहेत. तीन पिढ्यांची पुंजी पाठीशी असलेला व्यापारी मालाच्या बाबतीतील एक चूक पचवतो. पहिल्या पिढीच्या उद्योजकाला तीच चूक दुकानाला कुलूप लावायला भाग पाडते. कपाटे मालाने भरलेली असतात आणि गल्ला मात्र रिकामा असतो.

म्हणून पुढे आठ प्रश्न दिले आहेत. प्रत्येक प्रश्न वाचून प्रथम आपले उत्तर कागदावर लिहावे आणि मगच खालील विवेचन वाचावे. शेवटी सरावासाठी पाच उदाहरणे आहेत.

प्रश्न १ : साठा ही संपत्ती की खर्च?

हिशेबाच्या वहीत साठा संपत्तीच्या बाजूला लिहिला जातो, म्हणून बहुतेक जण 'संपत्ती' असे उत्तर देतात. ते उत्तर अर्धेच बरोबर आहे. साठा म्हणजे वस्तूचे रूप घेऊन थांबलेला पैसा. तो थांबला आहे तोपर्यंत दुसऱ्या कोणत्याही कामाला येत नाही. उलट त्याच्यावर व्याज चढते, त्याला जागा लागते, राखण लागते, शिवाय तो किडतो, गंजतो किंवा जुना होतो.

साठ्याचे साधारणपणे चार प्रकार मानतात : कच्चा माल, अर्धवट तयार झालेला माल, विक्रीस तयार माल आणि यंत्रांच्या देखभालीसाठी लागणारे सुटे भाग व इतर वस्तू. साठा ठेवण्याची कारणेही ठरलेली आहेत. मागणी नेमकी सांगता येत नाही, माल यायला वेळ लागतो आणि थोडा थोडा माल वारंवार आणणे महाग पडते. या कारणांपैकी एकही लागू पडत नसेल, तर तो साठा नव्हे, ती अडगळ होय.

साठ्याची प्रकृती ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी-किंमत घ्यावी आणि तिला सरासरी साठ्याच्या किमतीने भागावे. समजा, दोन दुकानदार वर्षाला प्रत्येकी १२ लाख रुपये खरेदी-किमतीचा माल विकतात. पहिल्याकडे सरासरी १ लाखाचा साठा असतो, दुसऱ्याकडे ४ लाखांचा. पहिल्याचा पैसा वर्षातून १२ वेळा फिरतो, दुसऱ्याचा केवळ ३ वेळा. विक्री समान आहे, पण दुसऱ्याचे ३ लाख रुपये अधिक अडकले आहेत. ते कर्जाऊ असतील, तर तो दुकान स्वतःसाठी चालवतो की सावकारासाठी, हे त्याने स्वतःला विचारावे.

प्रश्न २ : एका वेळी किती माल मागवावा?

या प्रश्नाचे गणिती उत्तर अमेरिकेतील अभियंता फोर्ड हॅरिस याने १९१३ साली मांडले. त्याचे सूत्र आजही जगभर शिकवले जाते. त्यामागचा विचार साधा आहे. एकदम पुष्कळ माल मागवला, तर वाहतूक, हमाली, बाजारातील खेप असा मागवण्याचा खर्च कमी येतो. पण सांभाळण्याचा खर्च वाढतो. थोडा थोडा मागवला, तर याच्या उलट घडते. या दोन खर्चांची बेरीज जेथे सर्वांत कमी, ते प्रमाण योग्य.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका वसतिगृहात २०० मुले आहेत. प्रत्येकास रोज ६० ग्रॅम तूरडाळ लागते. म्हणजे रोज १२ किलो आणि ३०० दिवसांच्या वर्षाला ३,६०० किलो. प्रत्येक खेपेला मागवण्याचा खर्च ४०० रुपये येतो. एक किलो डाळ वर्षभर सांभाळायची, तर अडकलेल्या पैशाचे व्याज, किडीने होणारी नासाडी, पोती आणि जागा मिळून ८ रुपये खर्च होतो. हॅरिसचे सूत्र असे : वार्षिक गरज गुणिले मागवण्याचा खर्च गुणिले दोन, या गुणाकाराला सांभाळण्याच्या खर्चाने भागावे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ घ्यावे. येथे ३,६०० × ४०० × २ = २८,८०,०००. त्याला ८ ने भागले की ३,६०,०००. त्याचे वर्गमूळ ६००. म्हणजे दर खेपेस ६०० किलो, वर्षातून ६ खेपा.

आता पडताळा पाहू. ६ खेपांचा खर्च २,४०० रुपये. साठा ६०० पासून शून्यापर्यंत उतरतो, म्हणून सरासरी ३०० किलो. त्याचा सांभाळ २,४०० रुपये. एकूण ४,८०० रुपये. याउलट वर्षाची डाळ एकदम भरली, तर मागवण्याचा खर्च केवळ ४०० रुपये, पण सरासरी १,८०० किलोचा सांभाळ १४,४०० रुपये. एकूण १४,८०० रुपये. दरमहा ३०० किलो आणली, तर ४,८०० अधिक १,२००, म्हणजे ६,००० रुपये.

या सूत्रातील एक सोय फारशी सांगितली जात नाही. ६०० ऐवजी ८०० किलो मागवली, तरी एकूण खर्च ५,००० रुपयेच होतो. फरक केवळ २०० रुपयांचा. म्हणजे आकडा अगदी काटेकोर नसला तरी चालतो. तो योग्य टप्प्यात असला की पुरे. हंगामात डाळ फार स्वस्त मिळत असेल किंवा घाऊक सवलत असेल, तर तोही लाभ हिशेबात धरून निर्णय बदलावा. सूत्र विचाराला मदत करते, विचाराची जागा घेत नाही.

प्रश्न ३ : माल केव्हा मागवावा?

'संपला की' असे उत्तर लिहिले असेल, तर ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. माल मागवल्यापासून हाती येईपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांपुरता माल शिल्लक असतानाच मागणी नोंदवली पाहिजे. वरील वसतिगृहात डाळ यायला ७ दिवस लागतात असे धरू. ७ दिवसांत १२ किलोप्रमाणे ८४ किलो लागेल. पण पावसाळ्यात रस्ता बंद झाला आणि गाडी ५ दिवस उशिरा आली तर? त्यासाठी आणखी ६० किलो हातचे राखून ठेवावे लागतात. म्हणून कोठीत १४४ किलो उरले की त्याच दिवशी मागणी गेली पाहिजे. हा आकडा कोठीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा; तो केवळ कोठीवाल्याच्या डोक्यात असून भागत नाही.

'हातचे राखणे' ही कल्पना फार प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना साठ्याचा अर्धा भाग जनपदावरील आपत्तीसाठी राखून ठेवावा, उरलेला अर्धा वापरावा आणि जुन्याच्या जागी नवे भरत जावे, असा नियम दिला आहे. त्या ग्रंथातील समाजव्यवस्थेशी आपले मूलभूत मतभेद आहेत. परंतु कोठाराचा नियम म्हणून हे विधान अचूक आहे. सध्याच्या बांगलादेशातील महास्थान येथे १९३१ साली सापडलेला ब्राह्मी लिपीतील लेखही याच विषयाचा आहे. संकटकाळी कोठारातून भात द्यावे आणि सुकाळ आल्यावर कोठार पुन्हा भरले जावे, असा त्याचा आशय अभ्यासक सांगतात. साठा राखणे, अडचणीत तो वापरणे आणि नंतर आठवणीने भरून काढणे ही तिन्ही अंगे त्या लहानशा शिलालेखात आली आहेत. तिसऱ्या अंगाचा विसर आपल्याला सर्वाधिक पडतो.

प्रश्न ४ : सर्व वस्तूंवर सारखेच लक्ष द्यावे काय?

नाही. इटलीतील अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो पारेतो याने संपत्तीच्या वाटणीचा अभ्यास करताना थोड्या लोकांच्या हाती बहुतांश संपत्ती असल्याचे दाखवले होते. विषमतेचा हा नियम कोठीघरालाही लागू पडतो. १९५१ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील फोर्ड डिकी याने त्यावरून वस्तूंचे अ, ब, क असे तीन वर्ग करण्याची पद्धत सुचवली. शंभर वस्तूंपैकी दहा-वीस वस्तूंवरच बहुतेक पैसा खर्च होतो. त्या 'अ' वर्गातील वस्तूंची मोजणी वरचेवर करावी आणि खरेदीपूर्वी चौकशी करावी. 'क' वर्गातील काड्यापेटी, सुतळी, खडू यांच्यासाठी तितका वेळ घालवू नये. त्या थोड्या जास्त ठेवल्या तरी बिघडत नाही.

मात्र येथे एक सापळा आहे. पैशावरून केलेली वर्गवारी वस्तूची किंमत सांगते, महत्त्व सांगत नाही. मीठ 'क' वर्गात जाईल, पण मीठ संपले तर दोनशे मुलांचे जेवण अळणी होईल. म्हणून रुग्णालयांमध्ये दुसरीही वर्गवारी वापरतात : जीवनावश्यक, आवश्यक आणि असली तर बरी. ग्रामीण आरोग्य केंद्रात सर्पदंशावरील लस महिनोन्‌महिने वापरली जात नसेल. खर्चाच्या यादीत ती वर दिसणारही नाही. तरीही ज्या रात्री शेतातून एखाद्या मजुराला उचलून आणले जाते, त्या रात्री ती कपाटात नसेल, तर बाकीचा सर्व भरलेला साठा निरुपयोगी ठरतो. साठ्याचा विचार करताना 'ही वस्तू किती खपते' या प्रश्नाबरोबरच 'ही नसली तर कोणाचे काय होईल' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

प्रश्न ५ : नवे पोते कोठे ठेवावे?

प्रश्न बाळबोध वाटेल. पण नासाडीचे मोठे कारण येथेच आहे. नवे पोते आणणारा हमाल ते दाराजवळच्या मोकळ्या जागेत ठेवतो. स्वयंपाकी दाराजवळचेच पोते आधी फोडतो. मागच्या भिंतीजवळचे जुने पोते वर्षभर तेथेच राहते आणि उघडले जाते तेव्हा त्यात सोंडे आणि जाळी निघते. म्हणून 'आधी आलेले आधी बाहेर' हा नियम. औषधे, दूध-पावडर, मसाले यांसाठी तो थोडा बदलतो : ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. त्यासाठी प्रत्येक पोत्यावर आल्याची तारीख लिहावी, पोती भिंतीपासून हातभर अंतरावर आणि लाकडी फळ्यांवर रचावीत आणि नवा माल नेहमी मागे लावावा. घरच्या धान्यात कडुलिंबाचा पाला घालणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना कीड ठाऊक होती. आपणही कोठी लावताना ती ध्यानात ठेवावी.

प्रश्न ६ : वहीतील साठा आणि प्रत्यक्षातील साठा जुळला नाही तर दोष कोणाचा?

बहुतेक ठिकाणी लगेच कोठीवाल्याकडे बोट दाखवले जाते. व्यवस्थापनशास्त्र प्रथम पद्धतीकडे पाहायला सांगते. माल घेताना वजन झाले का? देताना त्याच क्षणी नोंद झाली का? खरेदी करणारा, माल उतरवून घेणारा आणि वाटप करणारा एकच माणूस आहे का? तीनही कामे एकाच हाती असतील, तर प्रामाणिक माणसावरही संशय येतो आणि अप्रामाणिक माणसाला मोकळे रान मिळते. म्हणून ही कामे वाटून द्यावीत. वर्षातून एकदाच सर्व साठा मोजण्यापेक्षा दर आठवड्याला चार-पाच वस्तू आळीपाळीने मोजाव्यात. फरक ताजा असतानाच सापडतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या संदर्भात विनयपिटकातील महावग्ग आठवल्याशिवाय राहत नाही. संघाला मिळालेली चीवरे भिक्षू मंडपात, झाडाखाली कोठेही ठेवीत आणि उंदीर व वाळवी ती खात, असा वृत्तांत त्यात येतो. म्हणून भांडागाराची अनुमती दिली गेली. भांडागारावर कोणी रक्षक नव्हता, म्हणून भांडागारिक नेमला गेला. चीवरे स्वीकारणारा, ती ठेवणारा, भांडागार सांभाळणारा आणि ती वाटणारा अशी वेगवेगळी पदे निर्माण झाली. भांडागारिकाच्या अंगी पाच गोष्टी असाव्यात असे सांगितले आहे. तो आवडीनिवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने वागणारा नसावा. आणि काय सांभाळून ठेवले आहे व काय नाही, हे त्याला ठाऊक असावे. शिवाय ही नेमणूक एका व्यक्तीच्या मर्जीने होत नसे. संघापुढे प्रस्ताव मांडून संमती घेतली जात असे. पहिल्या चार गोष्टी चारित्र्याच्या आहेत, पाचवी माहितीची आहे. आजच्या कोणत्याही संस्थेने कोठीप्रमुख नेमताना हीच पाच कलमे समोर ठेवली तरी पुरे. केवळ प्रामाणिक पण नोंद न ठेवणारा माणूस तेथे चालत नाही आणि नोंदीत हुशार पण मर्जीतल्यांना झुकते माप देणाराही चालत नाही.

प्रश्न ७ : जास्त माल तयार केला म्हणजे उत्पादन वाढले काय?

गणवेश शिवण्याच्या एका लहान उद्योगाची कल्पना करा. कापणी करणारा रोज ६० गणवेशांचे कापड कापतो. शिवणाऱ्या तीन भगिनी मिळून रोज २० गणवेश शिवतात. काजे-बटणे करणारी मुलगी रोज ४० करू शकते. दिवसाला तयार गणवेश किती? उत्तर २०. साखळी तिच्या सर्वांत अरुंद जागी जेवढे जाऊ देते, तेवढेच पुढे जाते. कापणी करणाऱ्याने रोज ६० कापत राहिले, तर दर दिवशी ४० कापलेल्या गणवेशांचा ढीग वाढतो आणि त्यात कापडाचा पैसा अडकतो. इलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या 'द गोल' या कादंबरीवजा पुस्तकातून हा विचार लोकप्रिय केला. नवे यंत्र घ्यायचे असेल, तर ते अरुंद जागी घ्यावे. कापणीचे मोठे यंत्र कर्ज काढून घेतले, तर तयार गणवेशांची संख्या एकानेही वाढणार नाही.

याच्याशी निगडित आणखी एक नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला. कामात अडकलेल्या नगांची संख्या म्हणजे रोज बाहेर पडणारे नग गुणिले एका नगाला लागणारे दिवस. वरील उद्योगात १०० गणवेश अर्धवट पडले असतील आणि रोज २० पूर्ण होत असतील, तर आज हाती घेतलेला गणवेश ५ दिवसांनी मिळेल. शाळेला 'दोन दिवसांत देतो' असे सांगायचे असेल, तर अर्धवट माल ४० च्या वर जाऊ देता कामा नये. ग्राहकाला दिलेला शब्द पाळता येणे हे स्वभावावर जितके अवलंबून असते, तितकेच या गुणाकारावरही असते.

या विचाराचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग जपानमध्ये झाला. साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबणे बरे, हे त्यामागचे तत्त्व. त्यांच्या मुलाने, किइचिरो यांनी, १९३७ साली मोटार कंपनी स्थापन केली. युद्धानंतरच्या मंदीत तयार गाड्या विकल्या जाईनात आणि कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. १९५० साली कामगार कपात झाली, संप झाला आणि किइचिरो यांना अध्यक्षपद सोडावे लागले. न विकलेला साठा काय करू शकतो याचा धडा कंपनीला असा मिळाला. तेथील अभियंता ताइइची ओहनो यांनी पुढे अमेरिकेतील सुपरमार्केटच्या पद्धतीवरून एक कल्पना उचलली. ग्राहकाने फळीवरून जेवढे उचलले, तेवढेच पुन्हा भरायचे. कारखान्यात पुढच्या विभागाने जेवढे भाग नेले, तेवढेच मागच्या विभागाने बनवायचे. आणि त्यासाठीचा निरोप एका कार्डावरून जायचा. या कार्डाला 'कानबान' म्हणतात. वरून आखलेल्या योजनेप्रमाणे माल पुढे ढकलण्याऐवजी मागणीने तो ओढून घ्यावा, हे या पद्धतीचे सार. ओहनो यांनी सात प्रकारच्या अपव्ययांची यादी केली. गरजेपेक्षा जास्त उत्पादन हा त्यांतील सर्वांत वाईट, कारण तो इतर अपव्यय झाकून टाकतो.

प्रश्न ८ : मग साठा शून्यावर आणणे हेच आदर्श काय?

या प्रश्नाला 'होय' असे उत्तर अनेक पदवीधरही देतात. इतिहास वेगळे सांगतो. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील कारिया येथे आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधील एक लहानसा, स्वस्त व्हॉल्व्ह टोयोटाच्या जवळजवळ सर्व गाड्यांसाठी तेथेच तयार होत असे आणि टोयोटाकडे त्याचा केवळ काही तासांचा साठा होता. काही दिवसांतच कंपनीचे देशातील बहुतेक सर्व कारखाने थांबले. त्यानंतर इतर पुरवठादारांनी आपली यंत्रे जुळवून घेऊन तो भाग बनवण्यास प्रारंभ केला आणि सुमारे आठवडाभरात काम पुन्हा सुरू झाले. एकाच ठिकाणावर सर्व भिस्त ठेवण्याचा धोका आणि परस्परविश्वासाचे बळ या दोन्ही गोष्टी त्या आठवड्याने दाखवल्या. २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर टोयोटाने पुरवठादारांना संगणकीय चिपसारख्या दुर्मीळ भागांचा काही महिन्यांचा साठा ठेवण्यास सांगितले. २०२१ च्या आरंभी जगभर चिपची टंचाई झाली, तेव्हा इतरांच्या तुलनेत त्या कंपनीला पहिले काही महिने हा साठाच उपयोगी पडला. कमीत कमी साठ्याचा धडा देणाऱ्या कंपनीनेच, कोठे साठा हवा हेही शिकून घेतले.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा एक मुद्दा आहे. मोठ्या कारखान्याच्या दारात साठा दिसत नाही, याचा अर्थ तो नाहीसा झाला असा होत नाही. अनेकदा तो पुरवठादाराच्या शेडमध्ये सरकलेला असतो. फोन येताच दोन तासांत माल द्यायचा, तर लहान पुरवठादाराला तो आधीच बनवून ठेवावा लागतो आणि त्याचे व्याज त्यालाच भरावे लागते. चाकण, पिंपरी, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांत सुटे भाग बनवणाऱ्या लहान वर्कशॉपचालकाने करार करताना तीन गोष्टी विचाराव्यात : साठा कोणाच्या पैशाने राहील, मागणीचा अंदाज किती दिवस आधी मिळेल आणि देयक किती दिवसांत मिळेल. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही आणि विलंब झाल्यास व्याज देणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट ठेवले आहे. हक्क कागदावर आहेत. ते वापरण्यासाठी उद्योगाची नोंदणी हवी, वही लिहिलेली हवी आणि मिळालेली ऑर्डर वेळेवर पूर्ण करण्याइतके उत्पादनाचे नियोजन हवे.

सरावासाठी उदाहरणे

१) एका दुकानात रोज ८ साबण विकले जातात. माल यायला ६ दिवस लागतात. हातचे २० साबण राखायचे आहेत. किती साबण उरले असता मागणी नोंदवावी?

२) वर्षाला चहाचे १,२०० पुडे लागतात. मागवण्याचा खर्च दर खेपेस १५० रुपये. एक पुडा वर्षभर सांभाळण्याचा खर्च ४ रुपये. एका वेळी किती पुडे मागवावेत आणि वर्षातून किती वेळा?

३) सुतारकामाच्या एका कारखान्यातून रोज ६ खिडक्या तयार होतात. ४२ खिडक्या अर्धवट आहेत. आज आलेल्या ग्राहकाला किती दिवसांचा वायदा द्यावा?

४) वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी-किंमत ९ लाख रुपये आणि सरासरी साठा दीड लाख रुपये. पैसा किती वेळा फिरला? साठा किती महिन्यांचा आहे?

५) मसाला उद्योगात रोज निवडणे ८० किलो, भाजणे ५० किलो, दळणे ३० किलो आणि पाकिटे भरणे ६० किलो होऊ शकते. बचत गटाकडे एकाच यंत्राचे पैसे आहेत. कोणते यंत्र घ्यावे? दळण्याची क्षमता दुप्पट केली, तर उत्पादन किती होईल?

उत्तरे : १) ६८ साबण. २) ३०० पुडे, वर्षातून ४ वेळा. ३) ७ दिवस. ४) ६ वेळा, २ महिन्यांचा. ५) दळण्याचे. दळणे ६० किलो झाले, तरी उत्पादन ५० किलोच होईल, कारण आता भाजणे ही अरुंद जागा ठरेल.

पाचही उत्तरे बरोबर आली असतील, तर आपण हा विषय जाणता. दोन-तीन चुकली असतील, तर तो प्रश्न पुन्हा वाचून घरातील एखाद्या शिकत्या मुलाला समजावून सांगावा; समजावताना स्वतःलाही उलगडते. ज्यांचे दुकान किंवा वर्कशॉप आहे, त्यांनी याच महिन्यात आपल्या मालाची अ, ब, क अशी यादी करावी, दहा महत्त्वाच्या वस्तूंचे 'केव्हा मागवावे' हे आकडे लिहून काढावेत आणि सहा महिन्यांत एकदाही न हललेला माल कोणता, ते शोधावे. तो माल तोट्यात विकावा लागला तरी विकावा. वर्षअखेरीस वहीतील आकडे ताडून पाहिले की या पाठाचा उपयोग किती झाला, हे ज्याचे त्याला कळेल. ज्यांना हिशेब समजत नाही असे गृहीत धरून आजवर फसवले गेले, त्यांच्या मुलामुलींनी स्वतःची वही स्वतः लिहावी आणि ती दुसऱ्यालाही शिकवावी, एवढीच या लेखामागील अपेक्षा.